पत्राचा रस्ता कुणी ठरवायचा

जानेवारी १९८९. न्यू जर्सीतल्या एका छोट्या अभियांत्रिकी कंपनीत मी सिस्टीम सांभाळायचो. मशीन एटी अँड टीचं थ्रीबीटू-४००, त्यावर युनिक्स सिस्टीम व्ही, दोन मेगाबाइट मेमरी, ७२ मेगाबाइटची डिस्क आणि २४०० बॉडचा एक मोडेम. इंटरनेट तेव्हा मुख्यतः विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं होतं, आम्हाला त्याची दारं बंद. आमची ईमेल यूयूसीपीवर चालायची. एक मशीन दुसऱ्याला फोन लावणार, साचलेली पत्रं देणार, त्याच्याकडची घेणार आणि फोन ठेवणार. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७०च्या दशकात लिहिलेल्या या प्रोग्रामवर जगभरातली हजारो मशीन्स एकमेकांची पत्रं पोचवत होती, आणि बहुतेकांच्या दिमतीला साधी टेलिफोन लाइनच होती. पत्राचा पुढचा रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर मात्र आमच्याकडे नव्हतं. ते निवडायचं, मिळवायचं आणि बसवायचं, असा त्या दिवसाचा बेत होता.

सकाळी ७:३०

आठच्या आत पोचलो, कारण आठला फोनचा दिवसाचा दर सुरू व्हायचा. रात्री अकरा ते सकाळी आठ हा सगळ्यांत स्वस्त काळ. लांबच्या शेजाऱ्यांना त्याच वेळेत फोन लावायचा, असं बंधन यूयूसीपीच्या फाइलीत लिहून ठेवलेलं असे. एखादं पत्र रात्रभर अडकलं असेल तर ते काढून द्यायला आठपर्यंतचा हा अर्धा तासच हाताशी असे.

लॉग वाचला. एका शेजाऱ्याकडे लॉगिनच होत नव्हतं, दुसऱ्याची लाइन सतत व्यग्र. पण रांगेत अडकलेलं काही नव्हतं, त्यामुळे हात लावला नाही.

सकाळी ८:१५

परत आलेल्या पत्रांचा ढीग. पोस्टमास्तर म्हणून ती माझ्याकडेच यायची.

यूयूसीपीच्या पत्त्यात रस्ताच लिहावा लागायचा. आधी शेजारच्या मशीनचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग त्याच्या शेजाऱ्याचं नाव, परत उद्गारचिन्ह, असं करत शेवटी माणसाचं नाव. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरकडे पुडकं देऊन, पुढच्या स्टँडवर कोण घेणार आणि तिथून ते कुणाच्या हातून गावात जाणार हे त्यावरच लिहून द्यावं, तसा हा प्रकार. वाटेतल्या एका मशीनचं नाव बदललं, कुणी नोकरी सोडली, कुणाच्या वरिष्ठाने फोनचं बिल पाहून लाइन बंद केली, की पत्र परत. तेही लगेच नाही. गेलं त्याच वाटेने, तेवढेच दिवस घेऊन.

त्या सकाळी परत आलेलं एक पत्र आमच्या यंत्र-आरेखन विभागातल्या एका ज्येष्ठ अभियंत्याचं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका पुरवठादाराला त्यांनी एका भागाची मापं विचारली होती. पत्ता त्यांनी पुरवठादाराच्या व्हिजिटिंग कार्डावरून घेतला होता, आणि ते कार्ड त्यांनी मला आणून दाखवलं. पत्त्याच्या सुरुवातीला महिरपी कंसात तीन मोठ्या मशीन्सची नावं, त्यापुढे उद्गारचिन्ह, मग पुरवठादाराचं मशीन. अर्थ असा, की या तिघांपैकी कुठल्याही एकापर्यंत पोचा, तिथून आमचा रस्ता ठाऊक आहे. त्या मोठ्या मशीनपर्यंत कसं पोचायचं ते ज्याचं त्याने पाहायचं. अभियंत्यांनी तो पहिला टप्पा टर्मिनलला चिकटवलेल्या एका जुन्या चिठ्ठीवरून जोडला होता, आणि त्या चिठ्ठीतलं एक मशीन केव्हाच बंद पडलं होतं.

कार्ड मी बराच वेळ हातात धरून पाहत होतो. आपला पत्ता लिहिताना माणसाला समोरच्याच्या शहाणपणावर इतकं विसंबावं लागतं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. त्या अभियंत्याला मापं हवी होती. न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया मधल्या मशीन्सची नावं पाठ करणं हे त्याचं काम नव्हे.

सकाळी १०:००

साहेबांबरोबर बैठक. त्यांचा पहिला प्रश्न मला अपेक्षितच होता: तू जे बसवणार आहेस, ते नोव्हेंबरच्या किड्याने फोडलेलंच का?

२ नोव्हेंबर १९८८ला सुटलेला तो किडा इंटरनेटभर पसरला होता, आणि त्याची एक वाट सेंडमेल या प्रोग्राममधल्या चाचणीसाठी ठेवलेल्या एका सोयीतून जात होती. आमचं मशीन इंटरनेटवर नसल्यामुळे आम्हाला तो शिवला नाही. पण वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं होतं, त्यामुळे सेंडमेल हे नाव आता साहेबांनाही माहीत होतं.

माझ्यासमोर तीन पर्याय होते.

पहिला सेंडमेलच. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचं हे काम, १९८३पासून बर्कली युनिक्सबरोबर येणारं. ते निर्माण झालं त्यामागची गरज खरी होती: बर्कलीत एकाच वेळी वेगवेगळी नेटवर्क होती, प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी, आणि एका रीतीचा पत्ता दुसरीत बदलून द्यायला काहीतरी हवं होतं. म्हणून सेंडमेलमध्ये पत्ता कसा तोडायचा आणि परत कसा जोडायचा याचे नियम एका फाइलीत लिहायचे असतात. ती फाइल डॉलरच्या खुणांनी, एकअक्षरी नावांनी आणि क्रमांक दिलेल्या नियमसंचांनी भरलेली. समर्थ, यात वाद नाही. पण आमच्याकडे नेटवर्क एकच. शिवाय मूळ प्रोग्राम बर्कली युनिक्ससाठीचा, तो सिस्टीम व्हीवर आणायला वेगळा खटाटोप.

दुसरा एमएमडीएफ. डेलावेअर विद्यापीठात डेव्ह क्रॉकर यांनी सुरू केलेला, सीएसनेट हे नेटवर्क ज्याच्यावर उभं राहिलं तो. फोनवरून पत्र पोचवण्याचा विचार त्यात मुळापासून आहे, आणि पत्र येताना तपासण्याची शिस्त मला मनापासून आवडते. पण तो मोठा आहे. आमच्या डिस्कवर आणि मेमरीत त्याला ऐसपैस बसवायचं तर आरेखनवाल्यांच्या फाइली हलवाव्या लागल्या असत्या.

तिसरा स्मेल. यूयूसीपी नकाशा प्रकल्पातल्या लोकांनी याच कामासाठी लिहिलेला, लहान, सिस्टीम व्ही आणि बर्कली दोन्हींवर चालणारा. तो पत्त्याची भाषांतरं करत बसत नाही. पत्ता कळतो का ते पाहतो, रस्त्यांच्या एका फाइलीत त्या मशीनचं नाव शोधतो, सापडलं तर तिथला रस्ता जोडून पत्र यूयूसीपीच्या हाती देतो. नाही सापडलं तर ‘जाणत्या’ म्हणून नेमलेल्या एका शेजाऱ्याकडे सोपवतो.

साहेबांना मी सांगितलं, की मला तिसरा हवा. सेंडमेल वाईट आहे म्हणून नव्हे. आमच्याकडे ही फाइल बिघडली तर ती रात्री वाचून दुरुस्त करणारा माणूस एकच आहे, आणि उद्या तो नसेल तेव्हा दुसऱ्या कुणालाही एका दिवसात समजेल असंच काहीतरी बसवलं पाहिजे. साहेब हो म्हणाले. खर्च किती, असं विचारलं. सॉफ्टवेअरला शून्य, फोनला थोडा.

सकाळी ११:१५

शेजारच्या विद्यापीठातल्या सिस्टीमवाल्यांना फोन. त्यांचं मशीन इंटरनेटवर, आमची लाइन त्यांच्याशी स्थानिक कॉलने जोडलेली. हे गृहस्थ आमची सगळी पत्रं पुढे नेत होते, आणि त्याबद्दल आमच्याकडून एक पैसा घेत नव्हते. यूयूसीपीचं सगळं जग असंच चाललं होतं: कुणीतरी कुणाच्या तरी पत्रांसाठी आपल्या कंपनीचं फोनबिल वाढवून घेत होतं. व्हर्जिनियात रिक अ‍ॅडम्स यांनी १९८७मध्ये यूयूनेट सुरू केलं ते याच अडचणीतून, कारण आधीची मोठी मशीन्स हा फुकटचा भार पेलेनाशी झाली होती. यूयूनेट पैसे घेऊन सेवा द्यायचं.

सॉफ्टवेअर मिळवायचे मार्ग तेव्हा मोजकेच. इंटरनेटवर असाल तर एफटीपीने उतरवून घ्या. यूयूनेटचे सदस्य असाल तर त्यांना फोन लावून घ्या. नाहीतर नऊ ट्रॅकची चुंबकीय टेप पोस्टाने कुणाला तरी पाठवा, आणि तो भला माणूस ती भरून परत पाठवील याची वाट पाहा. आमच्याकडे टेप ड्राइव्ह तसला नव्हताच. म्हणून शेजाऱ्यांना विनंती केली, की स्मेल आणि त्याला लागणारी रस्त्यांची फाइल बनवणारा पाथअलियस हे दोन्ही तुमच्या सार्वजनिक डिरेक्टरीत ठेवा, आमचं मशीन येऊन घेऊन जाईल. ते म्हणाले, दुपारी ठेवतो, पण पाचनंतर घ्या, दिवसा आमच्या मोडेमवर विद्यार्थ्यांची गर्दी असते.

दुपारी १२:३०

डबा उघडून टर्मिनलसमोरच बसलो. मुंबईहून एका मित्राचं पत्र आलं होतं, पवईच्या आयआयटीतून. ‘तुला हे कधी मिळालं ते कळव, वेळ लिही,’ एवढाच मजकूर. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६मध्ये अर्नेट हे नेटवर्क सुरू केलं, त्यात बंगळूरची आयआयएससी होती, पाच आयआयटी होत्या, आणि मुंबईत जुहूला एनसीएसटी. पवईचं पत्र फोनवरून जुहूला, तिथून समुद्रापार, असं आलं होतं. माझ्या आईचं अंतर्देशीयासारखं घडीचं हवाई पत्र यायला दोन आठवडे लागत. या पत्राच्या मथळ्यातले मधले सगळे टप्पे मी एकेक करून वाचले आणि मित्राला वेळ लिहून कळवली.

दुपारी १:१५

जेवणानंतरचा सगळा वेळ नकाशांवर घालवला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम सॉफ्टवेअरमध्ये नाही, या नकाशांत आहे.

यूयूसीपी नकाशा प्रकल्प स्वयंसेवकांनी चालवलेला. प्रत्येक मशीनच्या रखवालदाराने आपली नोंद पाठवायची, कुणी ती तपासायची, आणि सगळ्या नोंदी देश-प्रांतवार फाइलींत यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावरून नियमाने जगभर पाठवायच्या. एक नोंद उघडली. वर मशीनचं नाव, ते कोणत्या बनावटीचं, संस्था कोणती, संपर्क कुणाशी, फोन, पोस्टाचा पत्ता, अगदी अक्षांश-रेखांशसुद्धा. खाली खरा ऐवज: हे मशीन कोणाकोणाशी बोलतं, आणि प्रत्येक नावापुढे कंसात एक शब्द. मागणीनुसार, तासाला, संध्याकाळी, दिवसातून एकदा, आठवड्याने.

या शब्दांना पाथअलियसमध्ये आकडे ठरलेले आहेत. कायमची जोडलेली लाइन ९५, थेट स्थानिक कॉल २००, काम पडेल तेव्हा लांबचा कॉल ३००, तासाला एकदा ५००, फक्त संध्याकाळी १८००, दिवसातून एकदा ५०००, आठवड्याने एकदा ३००००. हे डॉलर नव्हेत, मैल नव्हेत, मिनिटंही नव्हेत. पत्राला तिथे किती रखडावं लागेल त्याचा अदमास. दिवसाचा आकडा तासाच्या आकड्याच्या चोवीसपट असायला हवा होता, पण तो दहापटच ठेवला आहे. कारण प्रत्येक हस्तांतरात स्वतःचा असा एक धोका आणि उशीर असतो. रस्ता अकारण लांबवून काही हाती लागत नाही.

कागदावर एक हिशेब मांडून पाहिला. कॅलिफोर्नियाच्या त्या पुरवठादाराकडे जायला दोन टप्प्यांचा एक रस्ता होता: पहिला ३००, दुसरा दिवसातून एकदाच बोलणारा, म्हणजे ५०००. एकूण ५३००. दुसरा रस्ता चार टप्प्यांचा: २००, ९५, ३००, ५००. एकूण १०९५. माणूस डोळ्यांनी पाहून आखूड रस्ता निवडतो आणि पत्र एका मशीनवर दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहतं. पाथअलियस लांबचा निवडतो, आणि तो बरोबर असतो.

हा प्रोग्राम मुळात स्टीव्ह बेलोविन यांनी लिहिला, आणि पीटर हनीमन यांनी नव्याने बांधला. सगळा नकाशा वाचायचा, आपल्या मशीनपासून निघून डाइक्स्ट्राच्या पद्धतीने प्रत्येक नावापर्यंतचा सर्वांत स्वस्त रस्ता काढायचा, आणि एका ओळीत एक नाव व त्याचा रस्ता अशी यादी छापायची. इतकंच त्याचं काम. पत्राला तो हातही लावत नाही. नकाशा करणारे वेगळे, रस्ता काढणारा प्रोग्राम वेगळा, पत्र पाठवणारा प्रोग्राम वेगळा. एक बिघडला तर बाकीचे दोन तपासून पाहता येतात. या विभागणीसाठीच मला ही जोडी हवी होती.

आमच्या मेमरीत जगाचा सगळा नकाशा मावेल का, ही धास्ती होती. म्हणून ठरवलं: न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि मोठ्या मशीन्सच्या फाइली ठेवायच्या, बाकी सगळं विद्यापीठाच्या मशीनवर सोपवायचं. थोडा कमीपणा वाटला, पण जे नकाशात दुरुस्त ठेवता येईल तेवढंच स्वतःकडे ठेवावं.

संध्याकाळी ५:२०

मोडेमने शेजाऱ्याला फोन लावला. २४०० बॉडला सेकंदाला फार तर २४० अक्षरं, त्यातही यूयूसीपी ६४-६४ अक्षरांची पाकिटं करून प्रत्येकाची पोच मागणार. फाइली शेल-आर्काइव्हच्या तुकड्यांत होत्या. एकेक तुकडा उतरताना लॉगमध्ये ओळ उमटायची.

असा तुकडा म्हणजे स्वतःच एक प्रोग्राम. तो चालवला की आतल्या फाइली सुट्या होतात. म्हणजे त्यात कुणी घातपात लिहिला असेल तर तोही चालतो. म्हणून आधी तो वाचायचा. मजकुराच्या ओळींच्या आरंभी एक्स हे अक्षर, ते गाळून बाकी ओळ लिहायची. प्रत्येक फाइलीनंतर अक्षरं मोजून मूळ आकड्याशी ताळा. आमच्या सगळ्या फाइलींचा ताळा जमला.

संध्याकाळी ६:३०

बांधणी. स्मेलच्या एका फाइलीत आपल्या मशीनचं नाव, डोमेन, सिस्टीम व्ही की बर्कली हे लिहायचं, आणि कंपाइल. त्यात अडलं नाही.

अडलो ते एका निर्णयाशी, आणि त्यावर दिवसातला सर्वांत जास्त विचार केला. स्मेलला सांगता येतं, की उद्गारचिन्हांच्या पत्त्याचं काय करायचं. लहान आर (r) हे अक्षर दिलं तर तो फक्त पहिल्या मशीनपर्यंतचा रस्ता स्वतः शोधतो आणि पुढचा, माणसाने लिहिलेला, जसाच्या तसा राखतो. मोठा आर (R) दिला तर तो पत्त्याच्या उजव्या टोकाकडून पाहत येतो, ओळखीचं नाव दिसलं की मधलं सगळं पुसून आपला रस्ता घालतो. कार्यक्षम दिसतं. काही मोठी मशीन्स तसं करायचीही. पण नकाशा महिन्याभराचा शिळा असू शकतो. एकाच नावाची दोन मशीन्स जगात असू शकतात. नकाशात एखादं नाव ‘खासगी’ म्हणून नोंदवायची सोय त्यासाठीच आहे. आणि मुख्य म्हणजे, मुद्दाम वळसा लिहिणाऱ्याला वाटेतली एखादी लाइन बंद असल्याचं ठाऊक असतं. त्याचा रस्ता पुसला की पत्र नेमकं त्या बंद लाइनीवर जातं. दोन मशीन्स एकमेकांचा रस्ता पुसत राहिली तर पत्र त्यांच्यातच फिरत बसतं. ज्याने रस्ता लिहिलाय त्याचा रस्ता मोडायचा नाही. ज्याने नुसतं नाव लिहिलंय त्याला रस्ता शोधून द्यायचा. मी लहान आर ठेवला.

एका पत्त्यात उद्गारचिन्हही आहे आणि ‘@’सुद्धा, तर आधी कुणीकडे जायचं? यूयूसीपीवाले म्हणणार डावीकडे, इंटरनेटवाले म्हणणार ‘@’च्या उजवीकडे. मार्क हॉर्टन यांनी फेब्रुवारी १९८६मध्ये आरएफसी ९७६ लिहून हा वाद ‘@’च्या बाजूने मिटवला होता. स्मेल त्याप्रमाणेच वागतो, म्हणून तिथे काही ठरवायचं नव्हतं.

रात्री ८:४५

पाथअलियस चालवला. डिस्क खरखरू लागली, मेमरी अपुरी पडून पानं आत-बाहेर जात होती. आरेखनवाले घरी गेलेले, म्हणून निभावलं. नकाशातल्या चुकांच्या काही तक्रारी छापून आल्या, त्या बाजूला काढल्या. यादीतली सगळी नावं लहान लिपीत केली आणि अक्षरक्रमाने लावली. हे चुकवून चालत नाही, कारण स्मेल फाइल मधोमध उघडून, पुढे की मागे असं अर्धं-अर्धं करत नाव शोधतो.

मग अदलाबदल. जुना मेल प्रोग्राम स्थानिक पत्रांसाठी एलमेल या नावाने जपून ठेवला, आणि यूयूसीपीने आलेलं पत्र हाती घेणाऱ्या आरमेल या प्रोग्रामच्या जागी स्मेल बसवला. जुना आरमेलही वेगळ्या नावाने ठेवला, सकाळी काही बिनसलं तर एका ओळीत परत आणता यावा.

पत्र न पाठवता, नुसता रस्ता विचारून पाहिला. पुरवठादाराच्या मशीनचं नुसतं नाव दिलं: तो दुपारचाच चार टप्प्यांचा रस्ता. एका विद्यापीठाचं लांबलचक डोमेन दिलं: आधी पूर्ण नाव शोधलं, मिळालं नाही, मग पुढचा एक तुकडा सोडून, मग आणखी एक सोडून, शेवटी नुसत्या ‘डॉट ईडीयू’पाशी नकाशातलं प्रवेशद्वार सापडलं. पवईचं दिलं: यादीत नाही, विद्यापीठाकडे सोपवलं. तिन्ही ठीक.

रात्री ११:१०

दर उतरला. अभियंत्यांचं पत्र पुन्हा पाठवलं. पत्त्यात आता पुरवठादाराचं नाव आणि त्याच्या मशीनचं नाव, एवढंच. विद्यापीठाच्या मशीनने ते पहिल्याच फोनला घेतलं.

निघायच्या आधी नकाशा प्रकल्पाला पाठवायची आमची नोंद दुरुस्त केली. त्यात आम्ही एका शेजाऱ्याशी तासातासाला बोलतो असं लिहिलेलं होतं, तर प्रत्यक्षात ते तासातासाचं बोलणं गेल्या वर्षीच बंद होऊन फक्त संध्याकाळचं उरलं होतं. जगातल्या कुणाच्या तरी पाथअलियसने त्या ५००वर विश्वास ठेवून आमच्यामार्गे पत्र धाडलं असतं. तिथे ‘संध्याकाळी’ लिहिलं, तारीख टाकली आणि नोंद रांगेत सोडली.